दुसऱ्या बाजूचं चाक

कंपनीत तिला सगळे 'उस्ताद' म्हणायचे. सुरुवातीला चिडवायला म्हणायचे. लांब पल्ल्याच्या बसवर बाई ड्रायव्हर येणार म्हटल्यावर क्लीनरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनाच गंमत वाटली होती. मग एकदा दाट धुक्यात बाकीच्या गाड्या रस्त्याकडेला निजल्या आणि हिची तेवढी वेळेवर पोचली. त्या दिवसापासून चिडवणं संपलं आणि नाव मात्र चिकटलं.

उस्तादचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. खोटं बोललेलं तर तिला अजिबात खपत नसे. नवरा नेमका उलटा. तो सुतार होता, हात सोन्याचे आणि तोंडात दोनच शब्द: 'जाऊ दे'. ठेकेदाराने काम करून घेतलं आणि नाव दुसऱ्याचं सांगितलं, जाऊ दे. शेजाऱ्याने रंधा नेला तो परत केलाच नाही, जाऊ दे. उभ्या संसारात त्या दोन शब्दांवर तिचं डोकं जितक्या वेळा तापलं, तितक्या वेळा बसचं इंजिनही कधी तापलं नसेल.

ती निवृत्त झाली त्याच सुमाराला तिची बसही निवृत्त झाली. कंपनी ती भंगारात काढणार होती. तिने ती स्वतः घेतली आणि नवऱ्यासमोर नेऊन उभी केली. नवऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली, आत जाऊन बाकांमधून चालून आला, कानावरची पेन्सिल काढली आणि कामाला लागला. पुढची चार आसनं तेवढी ठेवली. मागे एकावर एक दोन पलंग, खालच्या पलंगाखाली खण, मध्ये ओटा, भिंतीला मिटवता येणारं टेबल. कपाटांना त्याने अशा खिट्ट्या बसवल्या की गाडी कितीही हेलकावली तरी दार उघडायचं नाही. मुलगी फोनवर हसली.

"आई, लोक निवृत्त झाल्यावर घरी बसतात."

"मीही घरीच बसणार आहे," उस्ताद म्हणाली. "घराला चाकं आहेत, एवढंच."

पहिली काही वर्षं बरी गेली. मग गाडीने हळूहळू वय दाखवायला सुरुवात केली आणि उस्तादला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं गाडी चालवूनही कळली नव्हती. तिला मेकॅनिक शोधता येत नव्हता. कंपनीत असताना शोधायची वेळच आली नाही. डेपोत गाडी लावायची, मिस्त्रीला नावाने हाक मारायची, काय दुखतंय ते सांगायचं आणि तो चाक उघडत असताना शेजारी उभं राहायचं. आता परक्या गावात, परक्या रस्त्यावर, कोणाला हाक मारणार? त्यात ही गाडी ना धड घर, ना धड बस. फिरत्या घरांची दुरुस्ती करणारे म्हणत, "ताई, ही आमच्या शेडमध्ये मावायची नाही." बसच्या डेपोत गेलं तर म्हणत, "हे खाजगी आहे, आम्ही हात लावत नाही." ट्रकवाले हात लावत, पण आधी डोकावून ओटा बघत, पलंग बघत आणि एकमेकांकडे बघून हसत. हौशी माणसं आहेत, यांना काय कळतंय, असा तो चेहरा तिला चांगलाच ओळखू येऊ लागला होता.

त्या वर्षी ते मुलीकडे निघाले होते. मुलगी डोंगराच्या पलीकडे राहायची. नातीला सुट्टी लागली होती आणि सुट्टीभर तिला गाडीतून फिरवायचं कबूल केलं होतं. नात रोज फोन करून विचारायची, वरचा पलंग माझाच ना. नवऱ्याने तिच्यासाठी पलंगाला कठडाही करून ठेवला होता.

डोंगर लागायच्या आधी मागचं डावं चाक करकरायला लागलं. ब्रेक दाबला की आवाज यायचा आणि थांबल्यावर हात जवळ नेला तर चाकाची धग लागायची. पेट्रोल पंपावर तिने विचारलं, इथे मोठ्या गाडीचं काम कोण चांगलं करतं. पंपावरच्या माणसाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, हायवेला लागूनच मोठं वर्कशॉप आहे, डोळे मिटून जा.

वर्कशॉप खरंच मोठं होतं. रंगवलेलं फाटक, आत पुसलेली फरशी, एका रांगेत उभ्या टुरिस्ट बस. मालक स्वतः बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, गोड हसू, दर वाक्याला एक 'ताई'.

"ताई, तुम्ही आत गार खोलीत बसा. चहा घ्या. आमची पोरं बघतील."

"मी चाकापाशी उभी राहते," उस्ताद म्हणाली.

"आत कामाच्या जागी गिऱ्हाईकाला उभं राहू देत नाही, ताई. तुमच्याच काळजीपोटी. काही पडलं-झडलं तर?"

तिचा गुडघा दुखत होता. नवरा म्हणाला, "बस गं जरा. ते त्यांचं काम करतायत." आणि ती बसली. काचेतून तिला गाडीचं नाक दिसत होतं, चाकं दिसत नव्हती. दुपार झाली तेव्हा मालकाने येऊन सांगितलं की मागच्या ब्रेकचे लायनर, चाकाच्या ड्रमला आतून घासून ते थांबवणाऱ्या जाड पट्ट्या, पार गेले होते, दोन्ही बाजूंना कोरे घातलेत, आता डोळे मिटून डोंगर उतरा. तिने वाकून, टॉर्च मारून आत बघितलं. लायनरची कड नवी दिसत होती, चकचकीत काळी. तिने आवारातच गाडी हळू चालवून ब्रेक मारून पाहिला. गाडी थांबली. मालक हात जोडून उभा होता.

चढ नीट गेला. उतार सुरू झाला आणि तिसऱ्या वळणानंतर तिच्या पायाला कळलं.

पायाला कळणं म्हणजे काय ते ड्रायव्हरलाच ठाऊक. ब्रेक दाबला होता, ब्रेकच्या हवेचा काटा जागेवर होता, पण गाडी ऐकत नव्हती. आणखी दाबला. गाडीने थोडं ऐकल्यासारखं केलं आणि परत निसटली. आरशात मागच्या चाकातून धूर दिसला. तिने गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं, वेग थोडा अडला आणि पुन्हा वाढायला लागला. डाव्या हाताला कठडा आणि कठड्यापलीकडे काही नाही.

"खाली बसा आणि दांडी धरा," तिने नवऱ्याला सांगितलं. आवाज इतका शांत होता की त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने धुराकडे बघितलं आणि दांडी धरली.

अशा उतारावर बाजूला एक वाट काढलेली असते, खडीने भरलेली, वर चढत जाणारी. ब्रेक गेलेल्या गाडीने त्यात घुसायचं. उस्तादने आयुष्यभर अशा वाटांच्या पाट्या वाचल्या होत्या आणि त्या वाटेला जाणाऱ्या ड्रायव्हरला मनातल्या मनात कच्चा म्हटलं होतं. पुढच्या वळणावर ती पाटी आली. तिने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी खडीत घातली.

खडी काचेवर आदळली. गाडी पोटापर्यंत रुतत गेली, थरथरली आणि थांबली. नवऱ्याच्या खिट्ट्या टिकल्या, एकही कपाट उघडलं नाही. मागून फक्त ओट्यावरची किटली गडगडत पुढे आली आणि तिच्या पायाशी थांबली.

नवऱ्याने वाकून किटली उचलली. मग नवरा म्हणाला, "लागलं का तुला?"

"नाही."

"वाचलो. आता जाऊ..."

"ते दोन शब्द आज तोंडातून काढू नका," ती म्हणाली. "परतताना वरच्या पलंगावर ती पोर असती."



गाडी ओढून काढणाऱ्या क्रेनवाल्याला तिने एकच प्रश्न विचारला. चांगलं गॅरेज कुठलं, असं नाही विचारलं. विचारलं, "तुमच्या गावातल्या शाळेच्या बस कोण दुरुस्त करतं?" क्रेनवाला म्हणाला, "खाली ओढ्याच्या पुलाजवळ एकजण आहे. पण तो जरा तिरसट आहे."

"चालेल," ती म्हणाली. "गोडाचा अनुभव घेऊन झालाय."

पुलाजवळचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्यासमोर तेलाने काळी पडलेली जमीन. मिस्त्री तिच्याच वयाचा, कपाळावर कायमची आठी. त्याने बसा म्हटलं नाही की चहा विचारला नाही.

"चाक उघडताना इथे उभं राहायचं," तो गुरगुरला. "नंतर मागून प्रश्न विचारलेले मला आवडत नाहीत."

उस्तादला त्या माणसाविषयी तिथेच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चाक उघडायला घेतलं.

ड्रम निघाला. मिस्त्रीने लायनर हातात घेऊन उलटा केला, नखाने कड खरवडली. काळा रंग नखात आला. रंगाखाली जुना, तेल पिऊन भाजलेला, भेगा पडलेला लायनर होता.

"हे कोणी घातलं?"

तिने सांगितलं.

मिस्त्रीने लायनर जमिनीवर ठेवला. "बाहेरून बघणाऱ्याला कडच दिसते. कड रंगवली की काम झालं." मग तो म्हणाला, "मला माहीत होतं ते असं करतात. ऐकून होतो."

"माहीत होतं तर गप्प का बसलात?" उस्ताद त्याच्यावरही उखडली.

"मला पण पोट आहे, बाई."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानेच नजर वळवली. पण काम त्याने चोख केलं. नवा लायनर घालायच्या आधी तिच्या हातात दिला, ड्रम घासून दाखवला, दोन्ही बाजू सारख्या केल्या. तिने इंजिनातल्या एका घरघरीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते मला येत नाही. मी हात लावणार नाही. ज्याला येतं त्याच्याकडे जा." इतक्या गावांमधून इतक्या मेकॅनिकांनी तिला नाना कारणं सांगितली होती. मला येत नाही, हे कोणीच म्हटलं नव्हतं.

काम झाल्यावर तिने जुने लायनर पोत्यात भरले आणि गाडी मुलीच्या घराकडे न वळवता परत डोंगराकडे वळवली.

"अगं, इकडे कुठे?" नवरा म्हणाला. "पोर वाट बघतेय."

"बघू दे. चार तास उशिरा भेटेल. पण भेटेल तरी."

पुढच्या सगळ्या चढावर तिच्या डोक्यात त्या वर्कशॉपच्या मालकाचे जोडलेले हात होते. भामटा शिव्या देतो तेव्हा निदान कळतं तरी. याने त्यांना चहा पाजला, ताई म्हटलं आणि दरीच्या तोंडाशी नेऊन सोडलं.

वर्कशॉपच्या आवारातून एक टुरिस्ट बस बाहेर पडायच्या बेतात होती. इंजिन सुरू, खिडक्यांमध्ये माणसं, काही म्हातारी, काही लेकुरवाळी. उस्तादने आपली लांबलचक गाडी रंगवलेल्या फाटकासमोर आडवी लावली, इंजिन बंद केलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि खाली उतरली.

टुरिस्ट बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग डोकं बाहेर काढलं. "ओ बाई, गाडी काढा. लोक खोळंबलेत."

"मागचे लायनर इथेच घातले का?"

"हो. मग?"

"मग एक चाक उघडून बघा."

"वेड लागलंय का? तासाभराचं काम आहे ते."

तिने पोतं त्याच्या पुढ्यात ओतलं. "हे आज सकाळी माझ्या गाडीतून निघाले. काल इथेच घातलेले. उतारावर गाडी खडीत घालून थांबवली मी. तुमचं चाक चांगलं निघालं तर सगळ्यांसमोर कान धरून माफी मागेन आणि गाडी काढेन. पण बघितल्याशिवाय ही गाडी इथून हलणार नाही."

ड्रायव्हर लायनरकडे बघत खाली उतरला. तोवर मालक धावत आला. हसू तेच होतं, फक्त कडेने जरा सुटलेलं.

"ताई, ताई, हे काय? हे लायनर आमचे नाहीतच. खाली कोणीतरी बदललेत. तो पुलाजवळचा माणूस आमच्यावर जळतो." मग तो तिच्या नवऱ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही समजूतदार दिसता. बाईंना जरा समजवा."

नवरा नुकताच पायरी उतरत होता. "गाडी त्यांची आहे," तो म्हणाला. "त्यांच्याशीच बोला."

आता बसमधली माणसंही उतरायला लागली होती. मालकाने गर्दीकडे बघितलं आणि एकदम मोठेपणा आणला. "ठीक आहे. आमच्यात लपवाछपवी नाही. उघडा चाक. हे उजवं घ्या, जॅक जवळच आहे."

चाक उघडलं. ड्रम निघाला. लायनर कोराकरकरीत. ड्रायव्हरने खरवडून बघितला, रंग नाही, भेग नाही. गर्दीतून कोणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, फुकट वेळ घालवला. मालकाने दोन्ही हात पसरले.

उस्तादचा चेहरा कानापर्यंत तापला. ड्रायव्हर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "झालं समाधान? काढा आता गाडी."

"डावं उघडा," ती म्हणाली.

"पुरे झालं, बाई."

तेवढ्यात नवरा पुढे आला. चारचौघांत तो कधी बोलायचा नाही, बोलला तर खाली बघून. आताही खालीच बघत होता.

"मी सुतार आहे," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात लबाड माणूस कपाट करतो ना, तेव्हा दर्शनी फळी चांगली लावतो. मागची फळी किडकी. मागे कोण बघतंय? गिऱ्हाईक मागे जायला लागलं की तो म्हणतो, इकडून बघा, इकडे उजेड आहे." त्याने मान वर केली. "हे चाक यांनी निवडलं. आता एक आम्ही निवडतो."

मालक म्हणाला, "आता हे अती होतंय. पोरांची सुट्टीची वेळ झाली." आणि वर्कशॉपमधल्या माणसांनी खरोखरच हातातले पाने खाली ठेवले.

ते पाने खाली गेलेले टुरिस्ट बसच्या ड्रायव्हरने पाहिले. इतका वेळ तो उस्तादवर चिडलेला होता. तो वळला, स्वतः पाना उचलला, जॅक ओढत डाव्या बाजूला नेला आणि नटाला भिडला. नवऱ्याने सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि त्याला हात दिला. उस्ताद चाकापाशी उभी राहिली, जशी आधी राहायला हवी होती.

ड्रम निघाला. ड्रायव्हरने नखाने कड खरवडली. मग आपलं काळं झालेलं बोट तो बघत राहिला. लायनर भाजलेला होता, मधोमध फुटलेला, हाताने दाबला तर तुकडा निघेल असा.

"माझी बायको आहे गाडीत," तो मालकाला म्हणाला. मोठ्याने नाही. "आज पहिल्यांदा बरोबर आणली."

मालक काहीतरी म्हणाला, पोरांची चूक झाली असेल, आत्ता बदलून देतो. उस्तादने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"पोरांवर ढकलू नका. उजवं चाक दाखवायचं, डावं नाही, हे पोरांनी नाही ठरवलं. आत गार खोलीत बसा म्हणून पोरं नाही म्हणाली. तुम्ही मला ताई म्हणालात. बहिणीला असा उतार उतरवतात का? तुमची आई आहे ना घरी, तिला घाला माझ्या गाडीत, हे लायनर परत लावते मी, आणि चला खाली. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. चला."

बसमधल्या त्याच म्हाताऱ्याने, ज्याने फुकट वेळ म्हटलं होतं, वाहन तपासणी खात्याला फोन लावला. संध्याकाळी त्यांची माणसं आली, रांगेतल्या आणखी गाड्या उघडल्या गेल्या. फाटकाला कुलूप लागलं. तेव्हाच उस्तादने पदराची गाठ सोडून किल्ली काढली.

त्या रात्री नातीने दारातच विचारलं, उशीर का झाला. आजी म्हणाली, "चाक तपासत होते." नातीला ते कारण पटलं आणि ती पलंगाचा कठडा बघायला आत पळाली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण सुट्टी संपत आली, नातीला घरी पोचवून ते दोघं परत त्याच रस्त्याने निघाले, तेव्हा ते फाटक उघडं होतं. नवा रंग, नवी पाटी, नवं नाव. गल्ल्यावर दुसराच माणूस. पंपावर चौकशी केली तर कळलं, जुन्या मालकाचा मेहुणा. पाने तेच, माणसं तीच. आत टुरिस्ट बस रांगेत उभ्या होत्या. पंपावरचा माणूस नजर चुकवत म्हणाला, "आता चांगलं काम करतात हो. डोळे मिटून जा."

उस्तादच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं करून काय झालं? पाटी बदलली. तपासणी खात्यात तिने फोन करून विचारलं तर कोणी नीट उत्तर दिलं नाही, परवाना नव्या नावावर आहे म्हणाले.

नवरा शेजारच्या आसनावर होता. तिने त्याच्याकडे बघितलं, ते दोन शब्द येतील म्हणून वाट बघितली. आले नाहीत.

"थांबूया का आत?" त्याने विचारलं.

"थांबूया," ती म्हणाली.

तिने गाडी आत घेतली, रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरपाशी गेली आणि त्याला सांगितलं, दोन्ही बाजूंची चाकं उघडून घ्या, आणि समोर उभे राहून घ्या. मग दुसऱ्यापाशी. मेहुणा बाहेर आला, त्याने आवाज चढवला, पोलीस बोलावीन म्हणाला. ती म्हणाली, बोलवा, आणि तिसऱ्या ड्रायव्हरकडे वळली. नवरा रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला निघाला होता.